लोखंडी नांगराचा धनी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लहान धंद्याचे यश कशावर अवलंबून असते, या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. कोणी भांडवलाला महत्त्व देतो, कोणी बाजारपेठेला, कोणी नशिबाला. ही सारी कारणे खरी असली, तरी त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. ती हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही. ती म्हणजे धंद्याच्या धन्याची त्या धंद्यावरील निष्ठा. मोठ्या कंपनीत एक अधिकारी गेला तर दुसरा येतो. लहान कारखान्यात मात्र धनी डगमगला की सारेच डगमगते. ही निष्ठा नेमकी कशी असते, ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे अपुरी ठरते, हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मराठी माणसाला दुसरे सापडणे कठीण आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील किर्लोस. त्यावरूनच आडनाव पडले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गुर्लहोसूरचे. कानडी मुलखात रुजलेल्या या मराठी घराण्याने एकीकडे नाटक दिले आणि दुसरीकडे नांगर दिला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात विद्येला मान होता. परंतु ती विद्या ग्रंथांची होती. धाकट्या लक्ष्मणाचे मन ग्रंथांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी झटणे, या दोनच गोष्टींत त्याला गोडी होती. शाळेच्या दृष्टीने हा मुलगा फारसा आशादायक नव्हता.

1885 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वडिलांना हा मार्ग पसंत नव्हता. थोरले बंधू रामचंद्र, ज्यांना सारे रामुअण्णा म्हणत, त्यांनी पैशाची जबाबदारी उचलली म्हणून हे शिक्षण शक्य झाले. पुढे जे काही उभे राहिले, त्याच्या पायाचा पहिला दगड हा भावाच्या विश्वासाचा होता.

चित्रकलेचा अभ्यास दोन वर्षे चालला आणि मग एक अडचण उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट कळत नव्हता. त्यांच्या डोळ्यांत अंशतः रंगांधत्व होते. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? परंतु त्यांनी कलाशाळा सोडली नाही. रंगांची वाट बंद झाली, तरी रेषांची वाट खुली होती. त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास सुरू ठेवला आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या नव्या संस्थेत यांत्रिक रेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याची दुसरी शाळा ठरली. संस्थेतील यंत्रे हाताळावयास मिळाली. बाष्पयंत्र कसे चालते, लेथवर धातू कसा कातला जातो, हे त्यांनी स्वतः करून जाणले. फावल्या वेळात ते परदेशी यांत्रिक नियतकालिके वाचीत. नोकरीच्या पगारावर समाधान न मानता गोळ्या ठेवण्याच्या लहान डब्या, सदऱ्याच्या गुंड्या असे किरकोळ पदार्थ करून विकण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्यांतून पैसा फारसा मिळाला नसेल. पण वस्तू तयार करणे आणि ती विकणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, एवढे तरी त्यातून कळले असले पाहिजे.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर एक पारशी गृहस्थ सायकलीवरून जाताना लक्ष्मणरावांच्या दृष्टीस पडले. हे वाहन त्या वेळी नवलाचे होते. सायकलींचा व्यापार करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे. ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये रामुअण्णा वेगळे घेत. नवी वस्तू विकावयाची तर ती वापरण्याची विद्याही विकावी लागते, हा धडा या भावांनी तेव्हाच गिरविला. पुढे नांगराच्या वेळी तो उपयोगी पडला.

संस्थेतील नोकरी मात्र टिकली नाही. बढतीची जागा रिकामी झाली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्या काळी अशा गोष्टी नित्याच्या होत्या आणि बहुतेक जण त्या मुकाट्याने सोसत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास भावाकडे आले. या निर्णयात स्वाभिमान होता, तसाच धोकाही होता. पाठीशी संसार होता, हाती ठरावीक पगार नव्हता आणि सायकलींच्या व्यापारात मुंबईचे मोठे व्यापारी उतरू लागल्याने तेथील नफाही आकसत चालला होता.

येथे त्यांच्या स्वभावाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. लक्ष्मणराव हट्टी होते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण तसे ते नव्हते. चित्रकलेत आपले डोळे साथ देत नाहीत, हे कळताच त्यांनी ती वाट सोडली. दुसऱ्याने तयार केलेली सायकल विकण्यात आपले काही विशेष नाही, हे उमगताच त्या व्यापाराचाही त्यांनी फार लोभ धरला नाही. आपल्या हातून जे होण्यासारखे नाही ते सोडण्यास ते चटकन तयार होत. जे आपल्या हातून होण्यासारखे आहे आणि लोकांच्या उपयोगाचे आहे, तेथे मात्र ते पाय रोवून उभे राहत. निष्ठा आणि हट्ट यांतील अंतर बहुधा हेच असावे. हट्टाला फक्त आपली इच्छा दिसते. निष्ठेला आपल्या मर्यादाही दिसतात.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना घातला. थोडी यंत्रे, थोडे कामगार आणि भोवताली शेतीचा मुलूख. शेतकऱ्यास काय हवे, याचा विचार करता पहिली वस्तू निघाली ती कडबा कापण्याचे यंत्र. जनावरांपुढे अख्खा कडबा टाकला तर ती पाने खातात आणि जाड धाटे तुडवून टाकतात. कापून घातला तर वैरण वाया जात नाही. हा फायदा डोळ्यांना दिसणारा होता, म्हणून हे यंत्र लोकांनी हळूहळू स्वीकारले. त्यानंतर लक्ष्मणरावांनी हात घातला तो नांगराला.

लाकडी नांगर हे शेकडो वर्षांचे अवजार. तो जमीन उकरतो, तीत चर पाडतो. पण मातीची थर उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्यामागचा वक्र पत्रा उचललेली माती पालथी घालतो. त्यामुळे तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात, खालची माती वर येते आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक मुरते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांनी शेतकरी हैराण झालेला असे. त्याच्यासाठी हे अवजार म्हणजे वरदानच होते. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर बाजारात मिळत, पण ते महाग असत. तसाच नांगर आपण येथे, आपल्या कामगारांच्या हातून, कमी किमतीत करावा, असा लक्ष्मणरावांचा विचार होता. 1903 च्या सुमारास किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

तयार झाला, पण विकला गेला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांचा विचार नीट केला पाहिजे, कारण एखाद्या लहान धंद्याचे जगणे-मरणे याच ठिकाणी ठरते. शेतकऱ्याला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याची शंका रास्त होती. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने चुकता होई. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा होता. तो ओढण्यास बैलांची शक्ती अधिक लागे. तो मोडला तर गावात दुरुस्त करणारा कोणी नव्हता. आणि एक हंगाम फसला तर वर्षभर घर चालवावयाचे कसे, याचे उत्तर कारखानदार देणार नव्हता. विषाची समजूत ही कदाचित या साऱ्या भीतींना मिळालेले एक नाव होते.

आता कारखान्याच्या बाजूने पाहावे. नांगर हा बारमाही विकला जाणारा माल नव्हे. त्याचा हंगाम चुकला की वर्ष वाया. लोखंड, कोळसा आणि मजुरी यांत पैसा आधी गुंततो आणि विक्री झाल्याशिवाय तो परत येत नाही. दोन वर्षे पडून राहिलेला माल म्हणजे दोन वर्षे अडकलेले भांडवल. अशा वेळी ज्याने केवळ नफ्यासाठी धंदा काढला आहे, तो पहिल्या वर्षाअखेर हिशेब करून दुसऱ्या मालाकडे वळेल, आणि त्याला कोणी दोषही देणार नाही. लक्ष्मणराव थांबले. या दिवसांत इतर कामांतून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्यांनी कारखाना धरून ठेवला. नांगर शेतात चालवून दाखविला पाहिजे, शेजारच्या शेतातील पीक पाहूनच शेतकऱ्याची खात्री पटेल, हे त्यांना ठाऊक होते. जाहिरातीने जे होत नाही, ते एका शेतकऱ्याच्या अनुभवाने होते. एकदा नांगर मातीत उतरले, तेव्हा पुढील गिऱ्हाइके या पहिल्या गिऱ्हाइकांनीच आणली.

विक्रीची अडचण सरते न सरते तोच दुसरी उभी राहिली. बेळगाव नगरपालिकेस शहराच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलविणे भाग पडले. जागा नाही आणि नवी जागा घेण्यास पैसाही नाही, अशा अवस्थेत लक्ष्मणराव सापडले. वयाची चाळीस वर्षे पूर्ण होत आली होती. इतकी वर्षे खपून उभे केलेले सारे मोडून पुन्हा आरंभापासून सुरुवात करावयाची वेळ आली होती.

या प्रसंगी त्यांच्या मदतीस औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. ते स्वतः चित्रकार, कलांचे भोक्ते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. औंध येथे सभामंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांकडे होते, आणि त्यानिमित्ताने या माणसाची सचोटी व कर्तबगारी त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. तारण म्हणून ठेवण्यासारखे लक्ष्मणरावांकडे काय होते? केलेले काम, एवढेच. धन्याच्या निष्ठेचे हेही एक फळ असते. ती पाहूनच दुसरा माणूस आपला पैसा आणि आपला शब्द त्याच्या स्वाधीन करतो.

जागा मिळाली ती कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ. बत्तीस एकरांचे हे माळरान निवडुंगाने माजलेले होते आणि सापांची वस्ती होती. जमेची बाजू एकच, जवळून आगगाडी जात होती. कच्चा माल येऊ शकत होता आणि तयार माल जाऊ शकत होता. 10 मार्च 1910 रोजी लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह तेथे आले. निवडुंग तोडून शेड उभारल्या गेल्या, राहण्याची तात्पुरती सोय झाली आणि भट्टी पेटली. या माळालाच पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. जमशेदपूरप्रमाणेच भारतातील पहिल्या काही औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

बेळगावसारखे शहर सोडून हे पंचवीस कामगार या ओसाड रानात का आले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यांना दुसरीकडे काम मिळाले नसते, असे नाही. परंतु आपला धनी स्वतः कुटुंबासह त्याच रानात, त्याच उन्हात राहणार आहे, हे त्यांनी पाहिले होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांचा संसार आणि कारखान्याचा संसार यांच्यामधील सीमा तेथे कधीच फारशी स्पष्ट राहिली नाही. रामुअण्णा आपला बेळगावचा जम सोडून आले आणि वसाहतीची घरे, रस्ते, पाणी, झाडे यांची काळजी त्यांनी वाहिली. कारखाना धाकट्या भावाचा आणि गाव थोरल्या भावाचे, अशी जणू वाटणी झाली.

लक्ष्मणरावांचे सहकारी हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. यंत्रविद्येत पारंगत शंभोराव जांभेकर, हिशेब आणि व्यवस्था सांभाळणारे मंगेशराव रेगे, आणि शाळेच्या परीक्षांशी कधी न जमलेले पण हाती घेतलेले कोणतेही काम तडीस नेणारे अनंतराव फळणीकर, ही माणसे त्यांनी पारखून जवळ केली. पदवी पाहून माणूस निवडण्याऐवजी त्याचा हात पाहून निवडण्याची त्यांची रीत होती. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रपहाऱ्याची जबाबदारी सोपविली आणि तो विश्वास वाया गेला नाही. वसाहतीत शिवाशिवीला थारा नव्हता. त्या काळच्या खेडवळ भागात ही गोष्ट सोपी नव्हती. परंतु भट्टीसमोर एकत्र घाम गाळणाऱ्या माणसांना पाणी पिण्यासाठी वेगळे करावे, हे लक्ष्मणरावांच्या बुद्धीला पटणारे नव्हते.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येणे आटले, म्हणून देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याच कारणाने बिडाचे लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मीळ झाला. मागणी दाराशी उभी आणि भट्टी थंड, अशी विलक्षण स्थिती आली. लक्ष्मणरावांनी लाकडी कोळशावर ओतकाम करून पाहिले. लोखंडासाठी संस्थानी मुलखात गंजत पडलेल्या जुन्या तोफा मिळवून त्या वितळविल्या. ज्या धातूने कधीकाळी माणसे मारली, त्याचे नांगर झाले. हा प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह होतो. पण त्यातील खरी गोष्ट साधी आहे. लहान कारखान्याच्या धन्याला प्रत्येक क्रिया स्वतः ठाऊक असेल तरच अडचणीच्या वेळी त्याला पर्याय सुचतो. कोळशाच्या भावाची तक्रार करीत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग कशासाठी होतो आणि ते काम आणखी कशाने होईल, हा विचार ओतशाळेत उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचतो.

युद्ध संपल्यावर, 1920 मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित भागभांडवलाची कंपनी झाली. लक्ष्मणरावांच्या चरित्रातील हा टप्पा अनेकदा एका वाक्यात उरकला जातो. वस्तुतः तो फार महत्त्वाचा आहे. ज्या माणसाने दोन वर्षे न खपणारा नांगर सांभाळला, भावाच्या आणि मित्राच्या पैशावर पुन्हा कारखाना उभा केला, त्याने आता आपल्या मालकीत परक्या भागीदारांना वाटा दिला. जे आपले आहे ते आपल्याच मुठीत राहावे, हा मोह लहान धंद्याच्या धन्याला फार असतो. त्या मोहापायी अनेक चांगले धंदे धन्याबरोबरच संपतात. लक्ष्मणरावांची निष्ठा मालकी हक्कावर नव्हती, कामावर होती. काम वाढावयाचे असेल तर मालकी वाटून घेतली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

त्याच वर्षी किर्लोस्करवाडीतून एक छोटे नियतकालिक निघू लागले. त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ते चालविले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला मिळाली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना टपालाने येणाऱ्या अशा मासिकांचे मोल वेगळे सांगावयास नको. नांगर करणाऱ्या माळरानावरून मराठी घरांत विज्ञाननिष्ठ आणि सुधारक विचार पोहोचू लागले.

कारखान्यातील मालाचीही विविधता वाढली. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक, हातपंप, पोलादी सामान अशा वस्तू निघू लागल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून 1926 मध्ये पदवी घेऊन परतले. हाताने शिकलेला पिता आणि विद्यापीठात शिकलेला पुत्र एकाच कारखान्यात आले की संघर्ष होणे स्वाभाविक असते. लक्ष्मणरावांनी मुलाला वाव दिला. विहिरीतील पाणी उपसणारे पंप आणि पुढे तेलावर चालणारी इंजिने यांकडे उद्योग वळला. 1941 मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाला आणि तेथे यंत्रे करणारी यंत्रे तयार होऊ लागली. 1946 मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. बेळगावातील लहान कारखान्यातून निघालेला प्रवाह असा अनेक प्रांतांत पोहोचला.

सर्वांत कठीण परीक्षा उतारवयात आली. 1948 च्या जानेवारीअखेर महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या परिसरातील शेतकऱ्यांसाठी आयुष्य वेचले, त्याच परिसरात हे घडावे, याचे दुःख केवळ पैशांत मोजता येणारे नव्हते. एका माणसाच्या निष्ठेला समाजाच्या क्षोभापुढे काही चालत नाही, हे सत्यही येथे मान्य केले पाहिजे. पण किर्लोस्करवाडी उजाड झाली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि नांगर व पंप पुन्हा बाहेर पडू लागले. निष्ठा एकट्या धन्याची राहिली नव्हती. ती आता अनेकांची झाली होती. धंद्याच्या दृष्टीने लक्ष्मणरावांची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

26 सप्टेंबर 1956 रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीच्या दिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या जीवनाकडे मागे वळून पाहताना निष्ठेचा अतिरेकी गौरव करण्याचे कारण नाही. रामुअण्णांचा पैसा नसता तर मुंबई दिसली नसती. पंतप्रतिनिधींची जागा नसती तर बेळगावातच कारखान्याचा शेवट झाला असता. आगगाडी त्या माळाजवळून गेली नसती तर निष्ठावंत धनी आणि त्याचे नांगर दोघेही तेथेच अडकून पडले असते. युद्धामुळे परदेशी माल बंद झाला, हाही एक काळाचा योग होता. लक्ष्मणरावांइतकीच चिकाटी असलेली कित्येक माणसे त्या काळी कर्जात बुडाली असतील. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. तेव्हा निष्ठा असली की यश मिळतेच, असे म्हणणे मुलांची फसवणूक करण्यासारखे होईल. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की भावाची मदत, मित्राचा विश्वास, कामगारांची साथ आणि काळाची अनुकूलता या सर्व गोष्टी एकत्र येण्यासाठी मध्यभागी न हलणारा एक माणूस लागतो. तो नसेल तर त्या येतात आणि निघून जातात.

पालकांच्या दृष्टीने या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. ग्रंथांत न रमणारा मुलगा, रंग न ओळखणारा चित्रकलेचा विद्यार्थी, बढती नाकारला गेलेला शिक्षक, न खपणाऱ्या मालाचा कारखानदार. चाळिशीपर्यंतच्या लक्ष्मणरावांची ओळख अशीच करून द्यावी लागली असती. त्या वयापर्यंत कोणत्याही स्मरणिकेत त्यांचे नाव आले नसते. मुलाचे गुणपत्रक हाती घेताना हे आठवले तर बरे.

आणि ज्या माजी विद्यार्थ्यांनी परप्रांतात आपली लहान दुकाने, कार्यशाळा आणि छापखाने उभे केले आहेत, त्यांना या चरित्रातील दोन वर्षांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शटर वर जाते, गिऱ्हाईक येत नाही, कामगारांचा पगार मात्र महिनाअखेर द्यावाच लागतो, हे त्यांनी अनुभवलेले असते. लक्ष्मणरावांना त्याच दिवसांतून जावे लागले.

कुंडल रोड हे नाव आज रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाही. त्या स्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे.